केशवचा डबा

सत्त्याऐंशी साली पाऊस पडलाच नाही म्हणा ना. मुकुंदवाडीत टँकरमागं घागरी पळत होत्या, आणि पलीकडं चिकलठाण्याला मात्र रोज नवा कारखाना उभा राहत होता. अशाच एका पंपाच्या कारखान्यात मनस्विनी सकाळी जाऊन बसली. तिचा नवरा केशव तिथं संगणक चालवायचा. तो जाऊन महिना झाला होता. घरी सात वर्षांची स्वरदा, आणि दोघींना दुसरं कुणी नाही. केशवच्या जागी नोकरी मिळावी, एवढंच मागायला ती आली होती.

मालक नानासाहेब माणूस वाईट नव्हता. "देतो की वहिनी. पण काम काय देऊ? संगणकच मेलाय."

संगणकाशेजारी चपलांच्या खोक्याएवढा लोखंडी डबा होता. हार्ड डिस्क. तेव्हा ती अशी बाहेरून वायरीनं जोडलेली असायची, आणि कारखान्याची सगळी ड्रॉइंगं त्या डब्यात. नवा होता तेव्हा तो गार पडला की अडून बसायचा. केशव तळहातानं शेकून शेकून त्याला फिरवायचा. पुढं त्यानं डबा बंद करणंच सोडलं. दिवसरात्र घूं घूं चालू.

"मग बंद कसा पडला?"

"खंडेनवमीला आम्हीच केला. पूजेच्या दिवशी यंत्राला विसावा द्यायची रीत हाय आपली. केशवराव तापानं घरी, न्हाय तर करू दिला नसता. हळदकुंकू वाहिलं, खटका खाली केला. तवापासनं फिरत नाय. पुण्याचा इंजिनिअर बी हात टेकून गेला."

"खटका... किती वाजता?"

"आरतीला. अकरा झाले असतील."

खंडेनवमीला अकराच्या सुमारासच केशव पेज पिता पिता थांबला होता. कण्हला नाही, कलंडला नाही, वाटी हातात तशीच. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. पस्तिशीतल्या माणसाचं असं कसं बंद पडतं हो?

योगायोग, असं तिनं स्वतःला बजावलं. नोकरी हवी होती ना. तिनं खटका वर केला आणि डब्यावर तळहात ठेवला. भर ऑक्टोबरात, त्या कोंदट खोलीत, लोखंड माठासारखं गार होतं. वास मात्र तापलेल्या धुळीचा येत होता, आणि त्यात केशवच्या केसांच्या तेलाचा. बराच वेळ काही नाही. मग आत काहीतरी कुरकुरलं, आणि डबा फिरू लागला.

"झाली तुमची नोकरी पक्की," नानासाहेब म्हणाले.

तिनं हात काढून घेतला. घरघर मात्र तिच्या छातीत चालूच राहिली.

"थांबा, परत लागतोय का बघू," म्हणत त्यांनी खटका खाली केला.

डब्याची घरघर उतरत गेली तसा तिचा श्वासही उतरत गेला. नानासाहेबांचे ओठ हलत होते, ऐकू काही येईना. खोली अंधारत चालली. सकाळी घाईत स्वरदाची एकच वेणी घातली होती, दुसरी राहिली, एवढंच तिच्या मनात आलं.

खटका वर गेला. तिनं हवा ओढून घेतली.

"वहिनी, काय झालं?"

"नानासाहेब... हा डबा बंद करू नका."

"बरं, बरं. बसा आधी."

"लेक लहान आहे माझी. ती कळती होईपर्यंत तरी... पाया पडते तुमच्या."

त्यांना काय उमगलं देव जाणे. पण त्यांनी तिचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि खटक्यावर चांगली दोन पदरी चिकटपट्टी मारली. वॉचमन रामकिसनला हाक मारून बजावलं, की याला कुणी बोट लावायचं नाही. केशव गेल्यापासून मनस्विनी रडली नव्हती. आता खुर्चीत बसून ती पोटभर रडली.

ती डोळे पुसत होती तेव्हा वरचा पंखा मंदावला. शेडमधल्या मशिनी एकेक करून गप्प झाल्या. टेबलाखाली बॅटऱ्या होत्या. लाईट गेली की केशव त्यांच्यावर डबा चालवायचा. ती धडपडत खाली वाकली. महिनाभर त्यांत पाणी घालायचं कुणाला सुचलं नव्हतं, दोन्ही कोरड्या ठाक.

डब्याची घूं घूं उतरू लागली.

"रामकिसन," नानासाहेबांनी दारातनं विचारलं, "कवा येनार रं लाईट?"

"आता सांजच्यालाच, मालक."