उजवीकडून सुरू होणारी गोष्ट

कुवेतमधल्या शुवैखच्या गॅरेजांच्या रांगेत धुळीचं वादळ उठलं, तेव्हा गाडी दुरुस्तीला टाकून बाहेर उभा असलेला स्वानंद दिसेल त्या पहिल्या दारात शिरला. आत गारवा होता, भिंतभर रचलेल्या जुन्या जपानी मासिकांचा वास होता आणि टेबलामागे योगिनी होती... भुवई उंचावून बघणारी.

वादळ थांबेपर्यंत बसू का, असं त्यानं विचारलं.

"बसा. पण आधी हात धुवा."

एका कुवेती बाईंनी जपानात शिकताना ही मासिकं जमवली होती – विणकामाची, सिनेमाची, चित्रकथांची. लोक जी रद्दीत घालतात, ती बाईंनी पोटच्या पोरासारखी जपली आणि सांभाळायला चिपळूणची योगिनी नेमली. तिनं स्वानंदला चित्रकथांचा एक अंक दिला. त्यानं तो आपल्या मराठी पुस्तकासारखा डावीकडून उघडला – म्हणजे थेट शेवटापासून! नुसती चित्रं बघून तो हळहळला. गोष्टीतले दोघं बिचारे आधी गळ्यात गळे घालतात, मग भांडतात आणि शेवटी स्टेशनवर ओळखही देत नाहीत.

योगिनीला हसू आवरेना. जपानी चित्रकथा उजवीकडून वाचतात, हे अगदी ओठांवर आलं होतं... पण हळहळताना तो फार गोड दिसत होता. दर अंकात नवी जोडी असते, पुढची तरी जुळते का ते बघायला या, असं सांगून ती मोकळी झाली.

तो सुट्टीच्या दर शुक्रवारी येऊ लागला. दर वेळी तो हळहळायचा आणि ती त्याची समजूत काढायची. मग एकदा पडल्या चेहऱ्यानं आला. डोळ्यांच्या ज्या दवाखान्यात तो नजर तपासायचा, तिथून त्याची दूरच्या फहाहीलला बदली झाली होती. आता शुक्रवारचीही ड्यूटी, म्हणजे येणं संपलंच.

गप्प बसणं योगिनीच्या स्वभावात नव्हतं.

"तुम्ही उलटं वाचता," ती म्हणाली. "ही माणसं दुरावत नाहीत... भेटतात. मी मुद्दामच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तुम्ही परत कशाला आला असता?"

"मी रोज उजवीकडून लिहिलेले अरबी कागद हाताळतो," स्वानंद हळूच म्हणाला. "दुसऱ्याच शुक्रवारी कळलं होतं मला."

"मग ते हळहळणं?"

"तुम्ही समजूत फार छान काढता..."

योगिनी लाजली, पण क्षणभरच. मग तिनं आपला मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"माझ्या बाबांना फोन लावा."

"आणि काय सांगू?"

"तुमचं नाव सांगा. पुढचं मी बोलते."

पलीकडून बाबांचा आवाज आला, तेव्हा तिनं त्याचा हात घट्ट धरला होता.