या नावाची दुसरी कोणी नाही

गुरुवारी सकाळी बद्रिया नवऱ्याला घेऊन तालुक्याच्या नोंदणी कचेरीत गेली ती एवढ्यासाठीच, की आपण जिवंत आहोत असा एक कागद आणावा. काम तसं किरकोळ. माणूस समोर उभं आहे, श्वास घेतंय, बघा आणि शिक्का मारा. पण शिक्क्यांचे दिवस गेले. आता कॉम्प्युटर विचारतो आणि कॉम्प्युटरच सांगतो, आणि त्याने एकदा सांगितलं की तिथे कोणाच्या बापाचं काही चालत नाही.

झालं होतं असं. बद्रियाच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. दीड वर्ष वाट पाहिल्यावर सरकारी हॉस्पिटलात तिचा नंबर लागला. ऑपरेशन येत्या रविवारी सकाळी, भरती त्याआधी. सोमवारी भरतीच्या खिडकीवरच्या मुलीने तिच्या ओळखपत्राचा नंबर दाबला, पडदा पाहिला आणि पुन्हा दाबला. मग म्हणाली, "हाज्जा, राग मानू नका. यात तुम्ही वारल्याचं दाखवतंय." बद्रिया काही मक्केला जाऊन आलेली नव्हती, पण नाईलकाठच्या त्या मुलखात केस पिकलेल्या प्रत्येक बाईला लोक हाज्जाच म्हणतात. "नोंदणी कचेरीतून दुरुस्ती आणा. गुरुवारी चारपर्यंत खाट घेतली नाहीत तर नंबर पुढच्याला जाईल."

नंबर पुढच्याला म्हणजे पुन्हा दीड वर्ष. आणि डॉक्टरांनी अवदला, तिच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की दीड महिनाही धरून चालू नका. अवदने ते बायकोच्या कानावर घातलं नव्हतं. तिने ते दाराआडून ऐकलं होतं, आणि ऐकल्याचं त्याला कळू दिलं नव्हतं. मंगळवारी गेले तर कचेरीतली सिस्टिम बंद. बुधवारी सिस्टिम चालू होती, पण टोकनचं यंत्र कागद संपला म्हणून मुकं झालेलं, आणि टोकनशिवाय कोणी तोंड वर करून बघायला तयार नाही. उरला गुरुवार. पुढे शुक्रवार, शनिवार सुट्टी.

कचेरीची इमारत नवी, सगळी काचेची. बाहेर ऊन रणरणत होतं आणि दारातूनच आतला गारठा अंगावर येत होता. बद्रिया उंबऱ्याशी थांबली आणि पुटपुटली, "दस्तूर."

तिकडच्या बायकांची ही सवयच. अंधाऱ्या खोलीत शिरताना, मोरीत उकळतं पाणी ओतताना, रिकाम्या घराचं कुलूप काढताना म्हणायचं. जे दिसत नाहीत पण असतात, त्यांची परवानगी मागायची, म्हणजे कोणाच्या अंगावर पाय पडायला नको.

"उम्म इमाद," अवद हसला, "इथे दिवसाढवळ्या पन्नास ट्यूबलाइट जळतायत. इथे कोण मरायला येतंय राहायला?"

"उजेडाचं त्यांना वावडं आहे असं कुठे कोणी सांगितलंय?"

पण दारावरच्या शिपायाने अवदला अडवलं. ज्याचं काम त्यानेच आत जायचं, असा नवा नियम. अवद कुरकुरत समोरच्या चहावाल्याकडे जाऊन बसला, आणि बद्रिया एकटी आत गेली.

टोकन घेऊन ती दोन तास बसली. भिंतीवरच्या कर्ण्यातून एक बाई सगळ्यांची नावं एकाच सपाट आवाजात पुकारत होती. बाई कसली, यंत्रच ते. साडेबाराला पुकारा झाला, "बद्रिया अब्दुलहफीझ," आणि ती लगेच उठली नाही. हे नाव तिने जन्मात किती वेळा ऐकलं असेल? नवरा थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतो, उम्म इमाद, इमादची आई. शेजारी हाज्जा म्हणतात. आणि आई... आईने तर मरेपर्यंत तिला या नावाने एकदाही हाक मारली नाही. नुसतं "पोरी" म्हणायची. का, ते बद्रियाला ठाऊक होतं. कर्ण्यातून ते नाव ऐकताना तिला वाटलं, दुसऱ्याच कोणाला तरी बोलावतायत आणि आता ती उठून येईल.

पुकारा पुन्हा झाला. बद्रिया उठली.

काचेच्या लहानशा खोलीत रीहाम नावाची तिशीतली कारकून बसली होती. डोळ्यांखाली काळं, टेबलावर गार झालेला चहा. तिने नंबर घातला आणि पडदा बद्रियाकडे वळवला. "जुनी हस्तलिखित रजिस्टरं सगळी यंत्राला वाचायला दिलीत, हाज्जा. त्याने तुमच्या गावच्या मृत्यूंच्या रजिस्टरात हे शोधलं. नाव तेच, बापाचं नाव तेच, जन्मतारीख तीच. वय तीन वर्षं. कारण ताप." तिने वर पाहिलं. "यातली तुम्ही कोण?"

परक्या माणसापुढे बद्रियाने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण घड्याळात पाऊण वाजायला आला होता.

"ती माझी ताई," ती म्हणाली. "माझ्या जन्माआधी गेली. तिच्यानंतर वर्षाने मी झाले. बापाने म्हटलं, कागद आहेच की घरात, पुन्हा कशाला खेप घालायची? तिचंच नाव मला ठेवलं, तिचाच दाखला चालवला. ओळखपत्राला, लग्नाला, सगळीकडे. कागदावर मी चार वर्षांनी मोठी आहे, पोरी."

रीहामला त्याचं नवल वाटलं नाही. "माझ्या आत्याचंही असंच. गावाकडे अर्धी माणसं मेलेल्या भावंडांच्या दाखल्यांवर जगतायत. माणसांना ते माहीत होतं म्हणून चाललं. याला कोण समजावणार?" तिने पडद्याकडे हनुवटी केली, मग आवाज खाली आणला. "आता नीट ऐका. दोन रस्ते आहेत. एक, खरं ते लिहून द्यायचं; पण मग तुमची स्वतःची नोंदच नाही असं निघतं. मग कमिटी, वयाची तपासणी, नवा नंबर... सात-आठ महिने कुठे गेले नाहीत."

"आणि दुसरं?"

"दुसरं म्हणजे मृत्यूची नोंदच चुकीची होती, असं तुम्ही लिहून द्यायचं. पाच मिनिटांचं काम." रीहामने मजकूर उघडला आणि वाचून दाखवला, कारण बद्रियाला अक्षर येत नव्हतं. "मी असं जाहीर करते की सदर मृत्यू घडलेला नाही. या आईबापांच्या पोटी या नावाची दुसरी कोणी कधीही जन्मलेली नाही."

गावाबाहेर, कालव्यापलीकडच्या कबरस्तानात एक वीतभर उंचवटा होता. आई दर ईदला तिथे खजुराची फांदी ठेवायची आणि हिला थोडं लांब उभं करायची. आई गेल्यावर ती जागाही कोणी दाखवू शकलं नसतं. त्या पोरीचं या जगात उरलं होतं काय, तर रजिस्टरातली ही एक ओळ. आणि ती ओळ आता हिने पुसायची, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जिवासाठी. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण तिला जगायचं होतं. धाकट्या मुलीचं बाळंतपण महिन्यावर आलं होतं.

"कर," ती म्हणाली.

"आधी फोटो. सरळ बघा. हलू नका."

पडद्यावर बद्रियाचा चेहरा उमटला. यंत्राने त्याभोवती हिरवी चौकट आखली, आणि लगेच तांबडी पट्टी आली. रीहाम वैतागली. "एका वेळी एकच व्यक्ती, म्हणतोय. रोज हाच छळ. कधी भिंतीवरचं चित्र चेहरा म्हणून धरतो, कधी खुर्चीची पाठ." तिने कॅमेरा जरासा वळवला. पट्टी गेली नाही. मग तिचा हात माऊसवरच राहिला. "हाज्जा... तुमच्या डाव्या बाजूला काही आहे का?"

बद्रियाने पाहिलं. पांढरी भिंत, खाली चकचकीत फरशी. पण पडद्यावर दुसरी चौकट होती. लहान, तिच्या कमरेच्या उंचीला. आत भिंतीशिवाय काहीच दिसत नव्हतं. तरीही चौकट स्थिर नव्हती. ती किंचित वर झाली, पुन्हा खाली आली, उभं राहून कंटाळलेलं मूल टाचा उचलतं ना, तशी.

वरच्या यंत्रातून गार हवा घुमत होती, आणि त्या हवेत बद्रियाला ओल्या मातीचा वास आला, नांगरल्या शेताला येतो तसा. भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण तिला आठवत राहिली ती एकच गोष्ट, की आपण साठीला आलो आणि आपली ताई अजून तीन वर्षांचीच आहे.

"फोटो जुनाच ठेवते," रीहाम कुजबुजली. "अंगठा लावा. लवकर."

बद्रियाने काचेच्या चौकोनावर अंगठा टेकवला. यंत्राने नाही म्हटलं. पायघोळ झग्याला, गॅलबियाला, पुसून पुन्हा टेकवला. पुन्हा नाही. "भांडी घासून घासून रेघा झिजतात बायकांच्या," रीहाम भिंतीकडे न बघता म्हणाली. "तीनदा चुकलं तर फाइल आपोआप बंद होते, हाज्जा. मग रविवारपर्यंत माझ्याही हातात काही नाही."

बद्रियाने डोळे मिटले. "दस्तूर, ताई," ती हळूच म्हणाली. "तुझं नाव मी जन्मभर न विचारता वापरलं. आज विचारते. देशील?"

तिने अंगठा काचेवर ठेवला. आणि त्याच्यावर काहीतरी आलं. गार, इवलंसं. एक बोट, मग दुसरं, मग सगळा तळवा. लहान मूल मोठ्याच्या हाताला धरून जोर लावतं तसा त्या हाताने जोर लावला.

यंत्राने टिंग केलं.

रीहाम पडद्याकडे बघत बसली. तिथे ठसा मोठा करून दाखवला होता. मुळात हरभऱ्याएवढा, एकही रेघ न झिजलेला, कोवळा. खाली हिरव्या अक्षरांत आलं होतं, ओळख पटली. तिच्या ओठांतून प्रार्थना चालली होती. तिने एक कळ दाबली, मग दुसरी. कागद बाहेर आला तो तिने दोन बोटांनी उचलून दिला.

"झालं," ती म्हणाली. "मृत्यू रद्द. आता या नावाचं कोणी मेलेलं नाही." आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर तिला कळलं असावं. ती झटकन उभी राहिली. "जा हाज्जा. देव बरं करो."

बाहेर ऊन तसंच होतं. अवदने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला, कपाळाला लावला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग? रडतेस का आता?" तो म्हणाला, आणि स्वतःच रडत होता. दीड वाजला होता. हॉस्पिटल तासाभरावर. त्याने पळत जाऊन मायक्रोबस थांबवली, तिला मधल्या बाकावर खिडकीशी बसवलं, आणि तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसला.

गाडी भरत गेली. बद्रियाच्या डाव्या हाताची जागा मात्र कोणी घेतली नाही. एक जाडजूड माणूस आत चढला, त्या जागेकडे बघून वाकलेलाच थांबला. त्याच्यामागे अजून दोघे. कोणी बसेना.

ड्रायव्हरने वरच्या आरशात पाहिलं. "हाज्जा, पोरीला मांडीवर घ्या ना. माणसं उभी आहेत मागे."

"कोणती पोर?" अवद मान वळवत म्हणाला. ड्रायव्हरने त्याच्याकडे नुसतं विचित्र नजरेने पाहिलं.

बद्रियाने पिशवी उचलून पायाशी ठेवली. झगा सारखा केला आणि मांडीवर हलकेच थापटलं.

मांडी जड झाली. चार मुलं वाढवलेल्या बाईला तीन वर्षांच्या लेकराचं वजन सांगावं लागत नाही. जाडा माणूस "अल्हम्दुलिल्लाह" म्हणत शेजारी टेकला आणि गाडी निघाली. त्या वजनाने तिला धाप लागली, तरी तिने दोन्ही हात पुढे घेऊन ते धरलं. मघाशी अंगठ्यावर आलेला हात गार होता. हे अंग झग्यातूनही भाजत होतं. तिने तळवा अंदाजाने कपाळ असेल तिथे ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"उस्ता," तिने ड्रायव्हरला हाक मारली, "जरा लवकर घ्या हॉस्पिटलला. हिला फार ताप आहे."