तात्यांचं जोतं आणि घरंगळणारा लाडू

लाडू माझ्या हातून पडला, हे खरं. पण तो थेट शेगडीच्या कोपऱ्याकडे धावत गेला, यात माझा काय दोष? मी उचलून त्याला पुन्हा दारापाशी ठेवलं. महाशय पुन्हा तिकडेच!

"तात्या, तुमचं स्वयंपाकघर कललंय!" मी ओरडले.

झालं! माझे आजोबा, म्हणजे तात्या, स्वतः लाडू ठेवून बघायला लागले. फलटणच्या बाजूला दोनशे घरं बांधलेला माणूस! २०५२ सालच्या त्या उन्हाळ्यात आम्ही लडाखमध्ये, पाच हजार मीटर उंचीवर होतो. माझी सुमेधा आत्या तिथे गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करते. तिच्या केंद्राचं स्वयंपाकघर तात्यांनी आदल्या वर्षी हौसेनं बांधलं होतं. दगडी जोतं (घर ज्यावर उभं राहतं तो चौथरा), आत गच्च ठोकलेला मुरूम, वर फरशी. शेजारची यंत्रांची खोली मात्र चार लोखंडी पायांवर उभी होती. तात्या तिला 'बगळा' म्हणून चिडवायचे.

आणि आता मेंढपाळांनी मुलांच्या उन्हाळी शाळेचं काम तात्यांवर सोपवलं होतं. सोमवारी सामान येणार होतं. माझी मैत्रीण अंगमो तर रोज ती जागा झाडून ठेवायची.

"माझं जोतं खचलं," तात्या म्हणाले. "उद्या पोरांच्या अंगावर भिंत पडली तर? मी आपला फलटणला जातो." मला रडूच आलं. कुठून तो लाडू पाडला असं झालं मला.

"आधी जमिनीला विचारू या," आत्या म्हणाली. "घुशी, चल!"

घुशी म्हणजे जमीन पोखरणारं आमचं यंत्र. बोलतं, आणि जरा जास्तच बोलतं. तिनं आधी मोकळ्या जागी भोक पाडलं. तीन हात माती सहज निघाली, मग सुरू झालं कर्रकर्र! बाहेर आलेल्या मातीच्या कांडीत बर्फ चमकत होता.

"वरची माती उन्हाळ्यात सुटते, हिवाळ्यात गोठते," आत्या म्हणाली. "असं शेकडो वर्षं चाललं, म्हणून या माळावरचे दगड सरकत सरकत गोल कडी करून बसलेत."

अय्या! मला वाटायचं, ती कडी अंगमोनं मांडलीत.

"पण खालचा हा थर म्हणजे पर्माफ्रॉस्ट (निदान दोन वर्षं सलग गोठून राहिलेली जमीन). त्यातला बर्फच मातीला धरून ठेवतो."

मग घुशीनं शेगडीच्या भिंतीलगत भोक पाडलं. पाच हात खाली गेली, तरी कर्रकर्र नाहीच.

"नुसता चिखल! शी!" घुशी म्हणाली.

तात्या आत गेले आणि शेगडीजवळच्या फरशीवर हात ठेवून बसले. "गरम आहे की गं ही! थंडी शिरू नये म्हणून मी सगळं गच्च बसवलं. मग ऊब जाणार कुठे? मुरमातून खाली, बर्फाकडे! बर्फाचं पाणी झालं, पाणी निघून गेलं आणि जमीन बसली."

"जोतं उत्तमच आहे, तात्या," आत्या म्हणाली. "फलटणच्या जमिनीत बर्फ नसतो, एवढंच."

तात्या तरातरा बगळ्याकडे गेले आणि खाली वाकले. गार वारा त्यांची टोपीच घेऊन गेला. "अरेच्चा! खोलीची ऊब हा वारा पळवतो, जमिनीला लागूच देत नाही. आणि पाय?"

"थेट गोठलेल्या थरात खोल रोवलेत. नऊ वर्षांत बोटभरही कलले नाहीत."

"अगं, मग आधी सांगायचं नाही?"

"मी मोजणीला डोंगरावर गेले होते. परतले तर तुमची फरशीसुद्धा बसली होती! आणि बगळ्याचं सांगितलं, तेव्हा तुम्ही हसलात."

तात्या कान धरून हसले. फलटणचं नाव पुन्हा काढलं नाही.

दोन महिन्यांत शाळा उभी राहिली, सोळा पायांवर! पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर तात्यांनी फरशीच्या मधोमध लाडू ठेवला. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. लाडू जागचा हलला नाही. तात्यांनी हळूच डोळे पुसले.

"दरवर्षी असंच बघायला हवं," आत्या म्हणाली. "हवा तापत चाललीय, जमिनीवर लक्ष ठेवलेलं बरं."

मी लाडवाकडे हात नेला, तर अंगमोनं तो अडवला. तिनं आधी लाडवाभोवती खडूनं गोल काढला, शेजारी तारीख लिहिली आणि घुशीच्या कानात तिच्या लडाखी भाषेत काहीतरी सांगितलं.

घुशीनं ते मराठीत सांगितलं, "ती म्हणतेय, पुढच्या वर्षी लाडू बरोबर इथेच ठेवायचा. आणि हा आता अर्धा तिचा."