एका पुस्तकाच्या सगळ्या प्रती

मुलांनो, कल्पना करा, एका मोठ्या ग्रंथालयाच्या दाराशी तुम्ही उभे आहात. पाऊस तिरका येतोय. शेजारी एक तरुण चिंब भिजलाय, पण लॅपटॉप मात्र त्यानं शर्टाच्या आत जपलाय. आणि एक मुलगी पर्समध्ये दाराची किल्ली शोधतेय.

"या ग्रंथालयाची वेबसाइट कुणी लिहिलीय हो?" त्यानं विचारलं. "अगदी मागच्या जमान्यातली!"

"मी," ती म्हणाली.

"म्हणजे... तशी भक्कम आहे—"

"राहू द्या. तुम्ही ती मोडीत काढायला आलात ना? आधी आत तर या."

माणसांच्या भाषा असतात, तशा संगणकाला काम सांगायच्याही असतात. तिची भाषा जुनी, सावकाश, विश्वासाची. त्याची नवी, चटपटीत. उद्या यातली कुठली टिकेल, यावर मोठी माणसंसुद्धा हमरीतुमरीवर येतात. ग्रंथपालबाईंनी साफ सांगून टाकलं, "दोघांनी आपापली साइट दाखवा. एकच ठेवीन, आणि सांभाळायला माणूसही एकच."

टेबलं समोरासमोर लागली.

"तुमचं पान उघडेपर्यंत माझा चहा होतो," तो चिडवायचा.

"मग माझ्यासाठीही आणा की," ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणायची.

तो आणायचा. साखर कमी... तिनं कधी सांगितलं नव्हतं, तरी. हळूहळू अहो-जाहो गळून पडलं. निकालाचा दिवस जवळ आला, तशी दोघांची बोटं मंदावली. कुणीही जिंकलं, तरी एकाला जावंच लागणार होतं.

निकालाच्या दिवशी शाळेला सुट्टी, म्हणून त्याची भाची सोबत आली होती. बाई म्हणाल्या, "हिलाच वापरू द्या दोन्ही."

मामाची साइट रंगीत, देखणी. भाचीला देवमाशांचं पुस्तक लगेच सापडलं. तिनं 'राखून ठेवा'चं बटण दाबलं. काहीच हललं नाही. पुन्हा दाबलं. मग दाबतच सुटली.

"अगं बाई!" ग्रंथपालबाई ओरडल्या. "त्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती हिच्याच नावावर!"

मामाचा चेहरा पडला. माणसं अधीर असतात, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. जुन्या साइटवर भाचीनं तसंच बटण बडवलं, पण तिथं तिला एकच प्रत मिळाली.

तो वायर गुंडाळू लागला.

"बाई, थांबा," ती मुलगी म्हणाली. "पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. आणि माझ्या साइटवर हिला पुस्तक शोधायला किती वेळ लागला, पाहिलंत ना?"

"केवढा!" भाची म्हणाली. "अक्षरं मुंगीएवढी आहेत."

"मग दर्शनी बाजू त्याची ठेवा, आतली नोंद माझी. दोन भाषा एकमेकींना निरोप देऊ शकतात. शिवाय शाळांच्या ग्रंथालयांचं काम पडून आहे. ते एकट्याच्यानं होणार नाही."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जीव नुसता टांगणीला!

"बरं. राहा दोघंही."

त्यानं इतका मोठा श्वास सोडला, की टेबलावरचे कागद उडाले.

"मला वाटलं, तू मला जाऊ देशील," बाई गेल्यावर तो हळूच म्हणाला.

"दिलं असतं... पण चहा कुणी आणला असता?"

"फक्त चहासाठी?"

ती कागद गोळा करत राहिली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. "नाही... तुझ्यासाठी."

"मी पण... म्हणजे, कधीपासून सांगणार होतो—"

"मग सांग की!"

"आवडतेस तू मला. फार."

दोघं एकमेकांकडे बघून वेड्यासारखी हसत सुटली. आणि भाचीनं काय केलं? तिनं मामाचा फोन उचलला, आजीला लावला आणि साऱ्या ग्रंथालयाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "आजी, मामासाठी मुली बघणं आता बंद कर!"