तिसऱ्या कडव्यातली चौकट

'बारावं गाणं चोरीला गेलं.'

डेल्मर टॅकेटनं खडूनं पाटीवर एवढंच लिहिलं आणि पाटी इमोजीन प्रुइटच्या तोंडासमोर धरली. अख्ख्या टेनेसीला ज्याचा आवाज पाठ, त्या माणसाला डॉक्टरांनी गुरुवार संध्याकाळपासून अवाक्षर काढायची बंदी केली होती. सोमवारी घशावर शस्त्रक्रिया होती आणि त्यानंतर गाणं कायमचं बंद. आज शनिवार होता.

हॉइट बीझलीनं ती इमोजीनच्या खांद्यावरून वाचली. त्यानं वीस वर्षं गवयांच्या बस चालवल्या होत्या. आता तो इमोजीनची गाडी चालवायचा आणि, तिच्या मते, जमेल तेवढं डोकंही. ती स्वतः पूर्वी फिडल वाजवायची. बोटं आखडली, तेव्हा तिनं लोकांच्या भानगडी उकलायला घेतल्या.

डेल्मर जन्मभर स्वतःची गाणी गायला. ही शेवटची रेकॉर्ड मात्र दुसऱ्यांच्या बारा गाण्यांची होती. बारावं गाणं नावाड्याचं. पैलतीरावरच्या क्लाराला तो प्रत्येक कडव्याच्या शेवटी हाक मारतो. डेल्मरची बायको ओलेटा शेंगा सोलताना तेच गुणगुणायची. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

म्हाताऱ्याचा कॉम्प्युटरवर काडीचा विश्वास नव्हता. घरामागच्या कोठारात जुनं यंत्र होतं, गाणी त्यावरच्या टेपवर घेतलेली, दुसरी प्रत नाही. किल्ली जिरेनियमच्या कुंडीखाली, आणि हे गुपित सगळ्या गावाला ठाऊक. शुक्रवारी सकाळी बाराव्या गाण्याचा डबा जागेवर होता, आतली टेप नव्हती.

स्टँडवर गाण्याचा कागद तसाच होता. नॅशव्हिलचे वादक सुरांची नावं लिहीत नाहीत, नुसते आकडे मांडतात, म्हणजे गायकानं पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो. पट्टी तेवढी कोपऱ्यात लिहायची. इथे शाईनं 'जी' लिहिलं होतं. तिसऱ्या कडव्यात एका आकड्याभोवती कापऱ्या हातानं पत्त्यांतली चौकट काढली होती.

"इथे कुणी पत्ते कुटत होतं वाटतं," हॉइट म्हणाला.

"चौकट म्हणजे तिथे तार एकदाच छेडायची आणि हात थांबवायचा. सूर विरेपर्यंत."

"बाकीच्या कडव्यांत नाही ती."

"नाही ना," इमोजीन म्हणाली आणि कागदाकडे बघत राहिली.

आधी रस्क ओडमला गाठलं. यंत्र तो सांभाळायचा. आवाज खरखरतो, कॉम्प्युटरवर नीट करू, असं तो म्हणाला होता आणि त्यावरून त्यानं डेल्मरच्या शिव्या खाल्ल्या होत्या. हॉइटला तो तिथेच चोर वाटला. गुरुवारी काय घडलं ते सांगताना ओडम सारखा दाराकडे बघत होता.

"जी जमेना हो. दोनदा आवाज फाटला. मग खालची डी घेतली. आम्ही तिघांनीच दुपारी सगळं उरकलं."

"कागदावर तर जी आहे."

"आकडे बदलत नाहीत, मग कागद कोण खोडणार? आणि मिस इमोजीन, हे बाहेर बोलू नका. त्यांनी मला आणि गिटारवाल्या बॉइडला बायबलवर हात ठेवायला लावलाय. रेकॉर्ड निघेपर्यंत घरच्यांनाही सांगायचं नाही म्हणून."

स्टील गिटारवाला बॉइड सॅटरफील्ड उघडउघड धुमसत होता. हे गाणं त्याला स्वतःच्या रेकॉर्डवर हवं होतं. टेप आपण नेली नाही, एवढं तो तीनदा म्हणाला. घरातल्या कुणाशी बोलणं झालं का, असं विचारल्यावर हसला. डेल्मरच्या मुलीनं सहा वर्षांपूर्वी त्याला भरल्या ताटावरून उठवलं होतं, तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. हॉइटनं मनातल्या मनात ओडमला सोडलं आणि याला धरलं.

मुलगी व्हर्लीन स्वयंपाकघरात होती. पन्नाशीची, हात पिठाचे. गुरुवारी गाणं सुरू व्हायच्या आधीच ती चर्चच्या जेवणाला गेली, अंधार पडल्यावर परतली, कोठाराकडे फिरकलीही नाही. डॅडींनी महिन्यात दोनदा शेगडी चालू ठेवली, तिला ओलेटा म्हणून हाक मारली, हेही तिनं सांगितलं. मग एकदम तिचा तोल गेला.

"त्या ओडमला धरा ना. माझ्या डॅडींना इतक्या खालच्या पट्टीत गायला लावलं, जणू विहिरीत उतरवलं. गेली टेप तर गेली. अकरा गाणी पुरेत."

इमोजीननं तिच्या हातचं गरम बिस्किट संपवलं, छान झालंय म्हणाली आणि दुपारी सगळ्यांना कोठारात बोलावलं.

तिनं पहिला प्रश्न डेल्मरला केला. पट्टी उतरवल्याचं त्यानं घरात कुणाला लिहून कळवलं होतं का? म्हाताऱ्याचे कान लाल झाले. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"ओडम शपथेला बांधलेला. बॉइडशी तुझा अबोला. कागदावर जी. मग व्हर्लीन, डॅडी खाली गायले हे तुला कसं कळलं? टेप ऐकल्याशिवाय कळायला दुसरी वाट नव्हती."

हॉइट अजून बॉइडकडेच डोळे वटारून बघत होता. त्यानं ते हळूच वळवले.

"जाळली नाहीस ना?" इमोजीननं विचारलं.

"तिच्यावर आईचं नाव आहे. कशी जाळू?" व्हर्लीनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "तिसऱ्या कडव्यात डॅडी शब्द विसरले. गिटार थांबून राहिली, आणि मग क्लाराच्या जागी ते ओलेटा म्हणाले. लोक हसले असते. म्हातारा चळला म्हणाले असते. ते मला बघवलं नसतं."

"टेप ऐकलीस, कागद नाही पाहिलास," इमोजीन म्हणाली आणि चौकटीवर बोट ठेवलं. "बॉइड, ही कुणी काढली?"

"त्यांनीच. गाण्याआधी. म्हणाले, इथे थांब, मला एक हाक मारायचीय."

व्हर्लीननं आईच्या गोधड्यांच्या पेटीतून टेप आणली. ओडमनं ती चढवली. तिसऱ्या कडव्यात तार एकदा छेडली गेली आणि सूर विरेपर्यंत कुणी हललं नाही. मग तो खरखरीत, खालचा आवाज आला: ओलेटा.

"डॅडी, मला वाटलं तुम्ही विसरलात," व्हर्लीन म्हणाली.

डेल्मरनं बाहीनं पाटी पुसली, सावकाश लिहिलं आणि तिच्याकडे फिरवली.

'विसरतो, पोरी. म्हणूनच हे आधी गाऊन ठेवलं.'