दवाखान्यातले तीन तास

सकाळी दहा चाळीसला हेल्पडेस्कचा फोन वाजला. ताईंनी सवयीने पेन उचललं.

"बोला, काय बंद पडलंय?"

पलीकडे नुसता श्वास. मग कुजबुज.

"ताई, मी स्टोअररूममध्ये आहे. आतून कडी लावलीय. तुम्ही एकट्याच या. कोणाला सांगू नका."

आवाज चिमणीचा होता. लहान चण, अखंड बडबड, म्हणून अख्ख्या आयटी टीमने तिचं हे नाव ठेवलं होतं. प्रोग्रॅम लिहितानाही ती स्वतःशी बोलायची. तिला कुजबुजताना ताईंनी आजवर ऐकलं नव्हतं.

ताई रिसीव्हर बाजूला काढून ठेवून उठल्या.

स्टोअररूममध्ये जुन्या मॉनिटरांच्या खोक्यांमागे चिमणी बसली होती. चेहरा पांढराफटक. तिने मूठ उघडली. आत लेबलच्या चार पट्ट्या होत्या. वायरींना चिकटवायची लेबलं छापायचा तो तळहाताएवढा छोटा प्रिंटर तिच्याच टेबलाशेजारी असायचा; पट्ट्या त्यातूनच निघाल्या होत्या.

ताईंनी चष्मा लावून वाचलं.

'काल बागेच्या फाटकाशी वीस मिनिटं थांबलीस. कोणासाठी?'

'रविवारी मैत्रिणीकडे उशीर झाला.'

'आज वेगळ्या वाटेने आलीस. उपयोग नाही.'

चौथी पट्टी अजून कोमट होती. 'काल दुपारी तीन तास दवाखान्यात. एवढं काय झालंय तुला?'

"कधीपासून चाललंय हे?"

"तीन आठवडे."

"आणि तू आज सांगतेस?"

चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मास्तर म्हणाले, पुराव्याशिवाय साहेबांना सांगू नकोस, तुझीच टिंगल होईल. तेच रोज मला बसपर्यंत सोडतात. पण आज राहवेना. ताई, हा माणूस माझ्या मागे मागे फिरतोय. पार दवाखान्यापर्यंत."

वीस वर्षं फोनवर लोकांची गाऱ्हाणी ऐकून ताई एक गोष्ट शिकल्या होत्या. घाबरलेला माणूस बिघाड सांगत नाही, भीती सांगतो. बिघाड आपणच एकेक प्रश्न विचारून काढायचा असतो.

"काल तू रजेवर होतीस ना?"

"हो. ताप होता."

"दवाखान्यात कधी गेलीस?"

"मी नाही गेले. आई गेली. मावशीचं ऑपरेशन झालंय, तिला जेवण द्यायला. एक ते चार तिथेच होती."

"आणि तू?"

"घरी. अंथरुणात."

चौथी पट्टी ताईंनी पुन्हा वाचली.

"म्हणजे त्याने तुला बघितलंच नाही. बघितलं असतं तर तुझी आई दिसली असती. तुझा फोन कुठे होता?"

"माझ्या उशाशी."

"मग आईने तुझं काय नेलं होतं?"

चिमणी विचारात पडली. मग तिचा हात आपसूक तोंडावर गेला. "माझा डबा."

तो डबा टीममध्ये सगळ्यांना माहीत होता. दर शुक्रवारी दुपारी कोणीतरी एखादी नवी वस्तू शोधून आणायचं. घडी होणारा कीबोर्ड, सर्व्हर दमला की लाल होणारा दिवा, असलं काहीबाही. त्याला 'शुक्रवारची गंमत' म्हणायचे. महिनाअखेर संगणकाच्या पडद्यावर एक रंगीत चक्र फिरवायचे, ज्याच्या नावावर थांबेल त्याला त्यातली एक वस्तू मिळायची. गेल्या महिन्यात चिमणीला आपोआप गरम होणारा, बॅटरीवरचा डबा मिळाला होता. त्याआधी तो आठवडाभर टीमच्या कपाटावर उघडा पडून होता.

"डबा आता कुठेय?"

"टेबलावर."

"कडी लाव. मी हाक मारल्याशिवाय उघडायची नाही. साहेब आले तरी नाही."

ताई बाहेर आल्या. चाल त्यांनी रोजचीच ठेवली. ही लेबलं छापणारा इथेच कुठेतरी बसला होता. टीमच्या नेटवर्कबाहेरून तो प्रिंटर चालतच नव्हता. पाच जणांची टीम. त्यातून त्या दोघी वजा.

पॅसेजमध्ये मास्तर भेटले. नेटवर्कचं काम बघणारा, मऊ आवाजाचा माणूस. कोणालाही काहीही समजावून सांगायचा, म्हणून मास्तर.

"ताई, चिमणी दिसली का? जागेवर नाहीये."

"बरं नसेल तिला. तुम्ही काल कुठे होतात? दिसला नाहीत."

"दिवसभर मागच्या इमारतीत वायरी टाकत होतो. कंबर मोडली."

ताई मान हलवून पुढे गेल्या. डबा उचलून त्या थेट दाढीच्या टेबलाशी गेल्या. भरघोस दाढीमुळे हे नाव पडलेल्या त्या पोराकडे हार्डवेअरचं काम होतं. लेबलचा प्रिंटर त्यानेच आणला होता. डबाही त्यानेच. संशय त्याच्यावरच जात होता, आणि हा पोरगा तर ताईंना आवडायचा.

"हा खालून उघड."

"का? वॉरंटी जाईल."

"उघड म्हणते ना."

दाढीने चार स्क्रू काढले. बॅटरीच्या शेजारी नाण्याएवढी पांढरी चकती होती. दोन बारीक तारा बॅटरीला डकवलेल्या. दाढीचा स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला.

"हा ट्रॅकर आहे, डबा कुठेय ते फोनवर दाखवणारा. ताई, हा मी नाही बसवला."

"काल दुपारी दोनला कुठे होतास?"

"मीटिंगमध्ये. साहेबांच्या केबिनमध्ये, साडेतीनपर्यंत."

"आणखी कोण होतं?"

"साहेब. आणि पडद्यावर चिमणी, रजा असूनही घरून. डोक्याला शाल गुंडाळून बसली होती, शिंकत होती. साहेब म्हणाले सुद्धा, की बाई, झोप जाऊन. का हो?"

ताई जागच्या जागी थांबल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "पार्किंगचं फाटक तुझ्या संगणकावरून बंद होतं ना?"

"होतं."

"मी फोन केला की बंद कर. कारण विचारू नकोस."

त्या जवळजवळ पळतच स्टोअररूमशी आल्या. दार सताड उघडं होतं. खोक्यांमागे कोणी नव्हतं. जमिनीवर चिमणीची एक चप्पल उलटी पडली होती.

जिन्याच्या खिडकीतून खालचा वॉचमन दिसला. ताईंनी वरूनच विचारलं, "चिमणी मॅडम कुठे गेल्या?"

"आत्ताच गाडीत बसल्या. चक्कर आली म्हणे. मास्तर घरी सोडतायत."

ताईंनी फोन लावला. "बंद कर. आत्ता."

त्या जिना उतरल्या तेव्हा करडी गाडी फाटकाच्या आडव्या दांड्यापाशी उभी होती. मास्तर हॉर्न वाजवत होते. ताई धापा टाकत चिमणीच्या बाजूला गेल्या आणि काचेवर हात आपटला.

"उतर."

"ताई, तुम्हीच पाठवलंत ना यांना? दाराबाहेरून म्हणाले, ताईंनी तुला घरी न्यायला सांगितलंय, चप्पल राहू दे, पळ."

"मी कोणालाही पाठवलं नाही."

चिमणीने मास्तरांकडे पाहिलं. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, तशीच ती दार ढकलून बाहेर पडली आणि ताईंच्या पदराआड उभी राहिली.

पोलीस येईपर्यंत सगळे साहेबांच्या केबिनमध्ये बसले. मास्तर खुर्चीत ताठ होते. दाराशी वॉचमन.

"ताई, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय," मास्तर म्हणाले. आवाज तसाच मऊ. "डबा दाढीने आणला, प्रिंटरही त्यानेच. आणि तुम्ही मला पकडताय?"

"मलाही आधी दाढीच वाटला," ताई म्हणाल्या. "पण चौथ्या पट्टीने त्याला सोडवलं. लिहिणाऱ्याची खात्री होती की काल दुपारी चिमणी दवाखान्यात आहे. ट्रॅकर डब्यात होता आणि डबा तिच्या आईच्या हातात. पण त्याच वेळी दाढी आणि साहेब तिला पडद्यावर बघत होते, शालीत गुंडाळलेली. ती घरी आहे हे दोघांनाही डोळ्यांनी दिसत होतं. दवाखान्याची चिठ्ठी ते कशाला लिहितील? ते माहीत नसलेला टीममध्ये एकच माणूस उरतो. जो काल मागच्या इमारतीत वायरी टाकत होता."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "पण ताई, डबा चक्रावर लागला होता. कोणालाही मिळाला असता. माझ्या घरी आला असता तर?"

"मलाही तेच पटेना. साहेब, चक्राचा प्रोग्रॅम कोणी लिहिलाय?"

"मास्तरांनी," साहेब म्हणाले. दाढीने लॅपटॉप पुढे ओढला. संगणकाची तारीख त्याने मागे नेली, डब्याच्या सोडतीच्या दिवसावर. चक्र फिरवलं. काटा चिमणीच्या नावावर थांबला. पुन्हा फिरवलं. चिमणी. तिसऱ्यांदाही चिमणी. तारीख आजची केली, तर साहेब, ताई, पुन्हा साहेब.

मास्तर पडद्याकडे बघत राहिले. "मी तिला कधी हात तरी लावला का? उलट मीच तिची काळजी घेत होतो. रोज बसपर्यंत सोडत होतो."

"कारण पहिली पट्टी आल्यावर ती तुमच्याकडेच आली," ताई म्हणाल्या. "तुम्हाला तेच हवं होतं. भीती तुम्ही घालायची आणि धीरही तुम्हीच द्यायचा. तिने दुसऱ्या कोणाला सांगू नये, एवढंच सांभाळायचं. आज मला स्टोअररूमकडून येताना बघून तिने मला सांगितलंय हे तुम्ही ओळखलंत, आणि तुमचा तोल गेला."

"कुठे नेत होतात मला?" चिमणीने विचारलं.

ती उत्तराची वाट बघत राहिली आणि खोलीत कोणालाच तिच्याकडे बघवेना.

पोलीस आले. जबाब घेणाऱ्या बाईंनी कागद पुढे केला. "संशयिताचं पूर्ण नाव लिहा. टोपणनाव नको."

चिमणीने पेन धरलं. "तीन आठवडे रोज संध्याकाळी मी याच माणसाला सांगत होते, की मला भीती वाटते," ती म्हणाली. "आणि तो विचारायचा, किती वाटते?"

ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. चिमणीने नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. अक्षर वाकडं आलं होतं. तिने ते खोडलं आणि खाली पुन्हा लिहिलं, नीट वाचता येईल असं.