हातावर ऐन

थोरल्या तृप्तीचं लग्न ठरलं त्या सालची ही गोष्ट. करोना सरून दोन दिवाळ्या झाल्या होत्या, करडी गावच्या शिवारात धान बरं पिकलं होतं, आणि तिच्या आजोबांच्या, म्हाताऱ्या तुलारामच्या पायांची जाणीव त्याच पावसाळ्यात गेली होती. साखरेच्या आजारानं. काटा रुतला तरी त्याला कळत नसे.

तृप्तीसाठी कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी घ्यायला तिची आई गोदावरीबाई विणकरांच्या आंधळगावला निघाली, तेव्हा धाकटी दामिनीही सोबत गेली. साडी बहिणीची, पण दामिनीच्या मनात दुसरंच काही होतं. विणकराच्या घरी आई आतल्या खोलीत घड्या उलगडून पाहू लागली तशी ही मागाच्या खोलीत शिरली, कोशाच्या सुताची एक लडी उचलली, एक पदर दातात धरला आणि ओढला.

"सूत हाय ते. ऊस नाही," मागाच्या खड्ड्यातून आवाज आला.

दामिनीनं दातातलं सूत सोडलं नाही. तसंच ओढत म्हणाली, "तुटून नाही राहिलं."

"तुटावं म्हणून ओढून राहिल्या काय तुम्ही?"

"तुटते का ते पाहून राहिली."

"मंग? पास झालो काय?"

"सूत पास झालं. तुम्ही कुठं दातात आले होते?"

खड्ड्यात बसलेला तो पोरगा हसला. नाव भूपेंद्र. पाय माग चालवायच्या पावड्यांवर, हातात धोटा, केसांत सुताचे तंतू अडकलेले... म्हाताऱ्यासारखे पांढरे. दामिनीला ते झटकून टाकावेसे वाटले. मग तिला स्वतःचाच राग आला आणि ती जरा जास्तच ठसक्यात बोलली.

"मले मासे धरायच्या गरीचा दोर पाहिजे. कोशाचा. पीळ देऊन."

"गरीले? बजारात नायलॉन भेटते ना."

"आबाजी म्हणते, नायलॉन खोटं बोलते. ताणते ना ते. खाली माशानं काय केलं ते वर येईपर्यंत बदलून जाते. कोशाचा दोर खरं सांगते."

भूपेंद्रच्या हातातला धोटा हातातच राहिला. जन्म कोशाच्या सुतात गेलेला. पण हे सूत काही सांगतं, आणि वर खरं सांगतं, हे त्याला कोणी बोललं नव्हतं.

"कोणत्या माशासाठी?"

"महाशीर," दामिनी म्हणाली. देवाचं नाव घ्यावं तशी हळू म्हणाली.

वैनगंगेत महाशीर होता, असं जुनी माणसं सांगतात. विड्याच्या पानाएवढं एकेक खवलं, आणि त्यावर सोनं. तुलारामनं तरुणपणी एक धरला होता, दामिनीचा बाप जन्मायच्या आधी. पुढे बंधारे झाले, धरणं झाली, आणि मासा कोणाला दिसेना. गाव म्हणे, संपला. तुलाराम म्हणे, "मी पाहिला नाही, पण डोहात पायाच्या अंगठ्यानं ऐकला हाय." आता अंगठाच बहिरा झाला होता, आणि डॉक्टरनं सांगितलं होतं, बाबा, पुढच्या पावसाळ्यानंतर पाण्यावर जाणं बंद. दामिनीला एवढंच हवं होतं. आबाजीनं डोंगा, आपली होडी, सोडायच्या आत एकदा, एकदाच, तो मासा त्याच्या दोराला लागावा.

"मी पीळ देतो," भूपेंद्र म्हणाला. "पण आणून मी देईन. डोंगा कसा राहते ते नाही पाहिलं मी."

"पोहता येते?"

"नाही."

"मंग पाहाच," दामिनी म्हणाली, आणि आईची हाक आली.

---

दोर घेऊन तो आला तेव्हा वैनगंगेवर धुकं होतं आणि डोहाचं पाणी निवळशंख झालं होतं. तुलारामनं दोर बोटांतून फिरवला. मोतिया, चकचकीत, सरळ. मग त्यानं भलतंच विचारलं.

"पाय दाखव."

भूपेंद्रनं चप्पल काढली. म्हाताऱ्यानं त्याचा अंगठा चिमटीत धरून पाहिला, जनावर पारखावं तसा.

"माग पायानं चालवतं ना तू? पावडी थोडी जड झाली तर समजते?"

"एक तार तुटली तरी समजते, आबाजी."

"बस मंग."

तुलारामची रीत अशी होती. आपण जागेवर बसून माशाची वाट पाहायची नाही. डोंगाच हळूहळू चालवायचा आणि मागे लांब दोर ओढत न्यायचा. दोराच्या टोकाला गरी, आणि गरीच्या वर पितळेचा एक तुकडा. गेलेल्या म्हातारीची भाताची पळी होती ती, भंडाऱ्याच्या पितळेची. तिचाच वाटीसारखा भाग कापून घेतलेला. डोंगा चालला की पळी पाण्यात गिरक्या घेते, जखमी मासोळीसारखी लकाकते. दोराचा एक सैल वेढा पायाच्या अंगठ्यात. वल्हं जोरात पडलं तर पळी वर येते, मंद पडलं तर तळाच्या दगडात अडकते. डोहातले दगड दामिनीला पाठ होते, म्हणून वल्हं तिच्याकडे. तुलाराम पुढे, पाठमोरा. आणि मधे भूपेंद्र, मागे तोंड करून.

दोर दामिनीच्या खांद्याजवळून मागे जात होता. म्हणजे दोराकडे पाहायचं तर तिच्याकडेच पाहावं लागे... असं तो अजूनही सांगतो.

गरी पाण्यात गेली की तोंडाला कुलूप, हा तुलारामचा नेम. त्यामुळे दोघं बोलली नाहीत. पण पळीची थरथर दोरातून अंगठ्यात येऊ लागली, आणि भूपेंद्रच्या लक्षात आलं की तिच्या वल्ह्याचा एकेक हात आपल्याला पायात कळतो आहे. तिनं श्वास घ्यायला वल्हं उचललं, कळलं. तिनं दगड चुकवला, कळलं. एकदा तिनं उगीचच, काही कारण नसताना, वल्हं जरा खोल दाबलं. त्यानं मान वर केली. ती दुसरीकडे पाहत होती, आणि हसू ओठांत दाबत होती.

धुकं फाटलं. पाणी खालपर्यंत उजळलं, इतकं की डोंग्याची सावली तळाच्या वाळूवर चालताना दिसली. आपण पाण्यावर नाही, हवेत तरंगतो आहोत असं भूपेंद्रला वाटलं. छातीत धाक बसला, आणि तो धाक त्याला आवडला.

तेवढ्यात अंगठा ओढला गेला.

तो झटका नव्हता. कोणी जुनं, जाणतं माणूस हात धरून 'चल' म्हणतं तशी ती ओढ होती. डोंगा थबकला आणि मागं सरकू लागला. तुलाराम वळला. दामिनीच्या हातातलं वल्हं थांबलं. दोर पाण्यात सणसणला... आणि एकदम सैल पडला.

तुलारामनं दोर ओढून घेतला. पळी आली, तिच्याखालची गरी गेली होती. त्यानं तुटलेलं टोक जिभेला लावलं.

"भात," तो म्हणाला.

भूपेंद्रचा चेहरा उतरला. "खळ दिली होती, आबाजी. तांदळाची. आमच्याकडं खळ दिल्याशिवाय सूत दारातून बाहेर जात नाही."

"पाण्यात खळ फुगली. लहान मासोळ्यांनी तुहा दोर जेवणासारखा कुरतडला, बापू. मोठ्याच्या ओढीले उरलं काय त्यात?" म्हाताऱ्याला हसू यायला लागलं. हसता हसता खोकला आला. "कोष्ट्याच्या पोरानं माशाईले पंगत घातली."

दामिनी मात्र हसली नाही. एकदाच लागला होता तो, आणि गेला. तिनं डोंगा काठाला लावला. मग म्हणाली, "इतकी कशी दिली खळ? हात लावला तर कडक लागून राहिला होता दोर."

"दोनदा दिली," भूपेंद्र वाळूकडे पाहत म्हणाला.

"कायले?"

"तू... तुम्ही दातानं पाहणार होत्या ना. तुटला असता तर—"

तिनं तुटका दोर गुंडाळून घेतला. पण तो 'तू' तिनं ऐकला होता, आणि पाण्यात पडू दिला नव्हता.

---

उपाय तुलारामनंच सांगितला. "कोशाचा किडा कोणत्या झाडावर वाढते?"

"ऐनावर."

"मंग दोर त्याच झाडाच्या सालीत उकडा. सूत आपल्या घरी गेलं की पाण्याले भेत नाही."

भूपेंद्रनं नवा पीळ दिला, कोरा, खळ न दिलेला. ऐनाची साल दामिनीनं आणली. नदीच्या काठावर तीन दगडांच्या चुलीवर हंडा चढला. पाणी आधी पिवळं, मग लाल, मग जुन्या मातीसारखं झालं. दोर त्यात बुडवायचा, पिळायचा, वाळवायचा, पुन्हा बुडवायचा. दोघांचे हात त्याच हंड्यात.

"तुमच्याकडं पोरी मागावर बसतात?" दामिनीनं विचारलं.

"बसतात. काहून?"

"असंच."

"तुमच्याकडं जावई धानाच्या रोवणीले चिखलात उतरतो?"

"आधी पोहता येऊ दे."

"शिकव ना मंग."

दोर हंड्यात होता आणि त्याचं एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. तिनं हळूच ओढलं. त्यानंही ओढलं. बराच वेळ दोघं तसंच करत बसली, आणि दोर जरा जास्तच मुरला.

ऐनाचा रंग साबणानं जात नाही, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

तृप्तीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी बायका मेंदी काढायला बसल्या. दामिनीनं हात पुढं केला आणि मेंदीवाली थांबली. तळवे, बोटं, नखांच्या कडा, सगळं तपकिरी.

"हे काय वो?" गोदावरीबाईनं विचारलं.

"ऐन हाय आई. आबाजीच्या दोराचा."

याच वेळी नवरदेवाचा शेला घेऊन भूपेंद्र मांडवात आला. रीतीप्रमाणे शेला दोन्ही हातांवर धरून पुढं केला. पांढरा शेला, आणि खाली ते दोन हात. तोच रंग. तिथंच, नखांच्या कडांपर्यंत.

बायकांनी एकदा त्याचे हात पाहिले, एकदा तिचे. एक म्हातारी आत्या म्हणाली, "मेंदी कोणी कोणाले लावली म्हणावं आता?"

गोदावरीबाईनं शेला घेतला, पाहुण्याला पाणी दिलं, एक शब्द काढला नाही. मांडव उतरल्यावर काढला. "डोंगा बंद. धानाच्या घरची पोर मले मागाच्या खड्ड्यात नाही घालायची."

दामिनी रडली नाही. एवढंच म्हणाली, "माह्यं राहू दे आई. आबाजीचा मासा राहून जाईन."

तुलाराम ओसरीवर दोर हातात घेऊन बसला होता. "एक डाव जाऊ दे, सूनबाई," तो म्हणाला. "मंग डोंगा मीच पालथा घालतो. तू काठावर उभी राह्य. नजर ठेव त्यांच्यावर."

त्या घरात आल्यापासून गोदावरीबाईनं सासऱ्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. ती काठावर उभी राहिली.

---

फागुनाची सकाळ होती. काठचा पळस पेटलेला, आणि त्याचा लाल रंग पाण्यात उतरलेला. डोंगा त्या रंगातून चालला. ऐनात मुरलेला दोर पाण्यात दिसेनासा झाला, जणू नव्हताच. भूपेंद्रनं डोळे मिटले. अंगठ्यात पळीची थरथर, तिच्या वल्ह्याचा ताल... आणि त्याच्याही खाली, कुठंतरी खूप खाली, मोठं काहीतरी वळलं.

त्यानं डोळे उघडले. तोंडानं बोलायचं नव्हतं. त्यानं फक्त दामिनीकडे पाहिलं, आणि तिला समजलं. तिनं वल्हं किंचित खोल दाबलं.

ती जुनी, जाणती ओढ पुन्हा आली.

या वेळी दोरानं दगा दिला नाही. मासा डोंग्याला डोहभर घेऊन फिरला. दामिनी त्याच्यामागे वल्हं मारत राहिली, भूपेंद्र हातावर दोर देत-घेत राहिला, त्याच्या बोटांतून रक्त आलं. डोंगा ओढत ओढत काठाजवळच्या उथळ पाण्यात आला, तेव्हा मासा थकून वर तरंगला आणि त्यानं कूस वळवली.

सकाळच्या उन्हात पाण्याखाली कोणी सोन्याचं ताट धरावं, तसं झालं.

दामिनी वल्हं टाकून वाकून पाहत राहिली. गोष्टीत ऐकलेलं सगळं खरं होतं, आणि गोष्ट लहान पडली होती. काठावरची गोदावरीबाई लग्नातल्या नव्या लुगड्यानिशी गुडघाभर पाण्यात आली होती, आणि तिला त्याचं भान नव्हतं.

तुलारामनं पाण्यात हात घातला. डोळे अधू, पाय बहिरे. हात मात्र शाबूत होते. एकेका खवल्यावरून त्यानं बोट फिरवलं.

"हाय अजून," तो म्हणाला. फक्त एवढंच.

मग त्यानं हलकेच गरी सोडवली, माशाचं तोंड धारेकडे केलं आणि पोटाखाली हात धरून थांबला. मासा त्या हातावर श्वास घेत राहिला. मग शेपटी एकदा हलली, आणि सोनं पाण्यात विरून गेलं.

कितीतरी वेळानं म्हातारा म्हणाला, "गरी पाण्याबाहेर हाय. आता बोलायचं ते बोला."

भूपेंद्रनं रक्ताळलेला हात अंगावरच्या नव्या पँटला पुसला. घाबरला की माणूस आपले कपडेही विसरतो. "आबाजी, मले दामिनी पाहिजे. तिले विचारलं नाही अजून."

"विचार की मंग," दामिनी म्हणाली. "सकाळपासून तोंडाकडंच पाहून राहिला."

"येशील?"

"पोहायले शिकशील?"

"शिकीन."

"मंग येईन."

तुलाराम सुनेकडे वळला. "दोर त्याचा, वल्हं हिचं. मासा दोघाईनं आणला. यातलं काय वेगळं काढू, तूच सांग मले."

गोदावरीबाई पाण्यात उभी होती. मासा गेला त्या जागेकडे ती अजून पाहत होती. "एवढी वर्षं मले वाटे, आबाजी गोष्टी सांगतात," ती म्हणाली. मग दामिनीचा तपकिरी हात धरून तिला डोंग्यातून उतरवताना म्हणाली, "हा रंग उतरायच्या आत पाहुण्याईले बोलवा म्हणा. मेंदीचा खर्च वाचंल."

तुलारामनं शब्द पाळला. डोंगा त्यानं त्याच दिवशी काठावर पालथा घातला. वैशाखात दामिनी आंधळगावला नांदायला गेली, आणि ऐनात मुरलेला तो दोर तिच्या मागाच्या खुंटीवर टांगला गेला. पितळेची पळी म्हाताऱ्यानं तिच्या ओटीत घातली होती.

तुलाराम करडीच्या घरी, त्याच साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारला.